कौल, पत्रा की स्लॅब? दापोली किनाऱ्यावरच्या एका घराचे प्रकरण

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० च्या दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर आले. ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वारा होता. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात काही तासांत माड-पोफळींची आगरे आडवी झाली आणि घरांची छपरे उघडी पडली. इथे मांडलेले प्रकरण दापोली तालुक्यातल्या, समुद्राला लागून असलेल्या गावातल्या एका घराचे आहे. घर सामाईक, माणसे नांदती, आणि काही वाद अजून मिटायचे आहेत. म्हणून गावाचे नि कुटुंबाचे नाव देत नाही. मी या भागात घरांची बांधकामे आणि दुरुस्त्या करतो. मला बोलावले ते एका साध्या प्रश्नासाठी: वर परत काय घालायचे? कौल, पत्रा की स्लॅब?

उत्तर मिळायला दोन गणपती गेले.

कोकणातल्या घराबद्दल लिहिताना पाऊस, उतरते छप्पर, जांभा आणि पडवी एवढे सांगून बहुतेक जण थांबतात. भूगोलाने घर घडवले, संपले. पण गेल्या पन्नास वर्षांत इथला पाऊस तोच आहे, दगड तोच आहे, खारा वारा तोच आहे, आणि तरी घरे ओळखू येऊ नयेत इतकी बदलली. तेव्हा पावसाशिवाय आणखी कशावर तरी ते जुने घर उभे होते. या प्रकरणात मला ते नीट दिसले: मे महिन्यात घरात किती हात आहेत, यावर ते उभे होते.

घर आणि जागा

गावाची मांडणी या किनाऱ्यावरच्या बऱ्याच जुन्या गावांसारखी. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधून दक्षिणोत्तर जाणारा एकच रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ओळीने घरे. समुद्राकडच्या घरांच्या जागा अरुंद पण लांबच लांब. रस्त्यावर बेडे (आवाराचे दार), मग खळे (घरापुढचे अंगण), मग घर, घरामागे विहीर, विहिरीमागे आगर, आणि शेवटी सुरूचे बन नि पुळण (समुद्राकाठची वाळू). असे लांबट तुकडे पाडण्यामागे हिशेब आहे. प्रत्येक घराला रस्ता हवा, गोडे पाणी हवे आणि चार माड-पोफळीही हव्यात; आडवे तुकडे पाडले तर कुणाला तरी यातले एक मिळणार नाही.

आपले घर समुद्राकडच्या रांगेतले. तोंड पूर्वेला, रस्त्याकडे, पाठ समुद्राकडे. मोसमी वारा नैऋत्येकडून येतो, म्हणजे पावसाची झड सगळी घराच्या पाठीवर. जुन्या माणसांनी म्हणूनच पश्चिमेच्या भिंतीत खिडक्या जवळजवळ ठेवलेल्याच नाहीत. तिकडची पडवी पुढच्या पडवीपेक्षा रुंद, आणि पावसाच्या तोंडावर तिच्यात भिंतीला लावून लाकडे, सोडणे (नारळाची सालपटे), शेणी रचायच्या. चुलीचे सरपण कोरडे राहायचे आणि भिंतीला झड लागायची नाही. एकाच रचणीत दोन्ही कामे.

आतली रचना ओळखीचीच: तीन फूट उंच जोते, ओटी, माजघर, देवघर, बाळंतिणीसाठीची काळोखाची खोली, मागे स्वयंपाकघर, वर माळा, चारी बाजूंनी पडवी. न्हाणी मागीलदारी, घरापासून सुटी. छप्पर चौपाखी, म्हणजे चारी बाजूंना उतरते. वासे आणि तुळया आईन-किंजळीच्या, दारांच्या फळ्या फणसाच्या.

भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, दीड फूट जाडीच्या, मातीत बांधलेल्या. जांभा हा दगड इथल्या पावसा-उन्हानेच तयार झालेला. लाखो वर्षे खडकातले विरघळणारे सारे धुऊन गेले आणि लोह नि ॲल्युमिनियम मागे राहिले. सड्यावरच्या खाणीतून काढताना तो मऊ असतो, टिकावाने चिरा पाडता येतो. उघड्यावर राहिला की कडक होतो. पण तो छिद्रांचा दगड आहे. पाणी पितो. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या भागात उघडी जांभ्याची भिंत चार महिने पाणी पीत बसते, आणि सांध्यांतली माती सुटली की चिरे निखळायला लागतात. म्हणून वळचण भिंतीपासून एवढी पुढे काढलेली असते. छप्पर माणसांच्या डोक्यावर असते हे खरे, पण इथे ते आधी भिंतीसाठी असते. छपराशिवाय चिरेबंदी घर दोन-तीन पावसाळ्यांत खचते. बंद पडलेल्या वाड्यांकडे पाहिलेल्या कुणालाही हे सांगायला नको.

या घरावर आधी केंबळ (गवताचे छप्पर) होते, मग गावच्या कुंभाराचे नळे (अर्धगोल कौले) आले, आणि आज घरात राहणाऱ्या काकांच्या वडिलांच्या काळात मंगलोरी कौले. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. यंत्राने दाबलेले, एकमेकांत अडकणारे ते चपटे कौल जहाजांतून किनाऱ्याकिनाऱ्याने वर आले आणि बंदरांजवळच्या गावांत आधी पोचले. तेव्हा ते बाहेरून आलेले, महागाचे, प्रतिष्ठेचे छप्पर होते. आज ज्याला आपण ‘अस्सल कोकणी’ म्हणतो ते कौल म्हणजे त्या काळची स्लॅबच.

शाकारणी

कौलाचे छप्पर एकदा घातले आणि झाले, असे नसते. वाऱ्याने कौले सरकतात, माडाची झावळी पडून फुटतात, सांध्यांत पाला-कचरा साठून पाणी उलटे आत जाते, कौलांखालच्या लाकडी रिपा कुजतात. म्हणून दरवर्षी पावसाआधी घर शाकारायचे. मे महिन्यात कौले परतायची, फुटकी काढायची, रिपा बदलायच्या, आढ्यावरचे कोने (आढे झाकणारी कौले) नीट बसवायचे. पश्चिमेच्या पडवीला झापे (विणलेल्या झावळ्या) बांधायची. खळ्यातला मांडव उतरवायचा. त्याच पंधरा दिवसांत सरपण भरायचे, आगोटीची खरेदी करायची, आंबे-फणसाचे करायचे आणि भाजावळीनंतरची शेते पेरणीला तयार करायची.

हे काम कौशल्याचे फारसे नाही, पण हातांचे आहे. एक वर, एक शिडीवर, दोन खाली, आणि भांडी सरकवायला घरातल्या बायका. ज्या घरात चार भाऊ एकत्र राहतात त्या घरात हे दोन-तीन दिवसांत उरकते आणि कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. शेजाऱ्याचे आपण, आपले शेजाऱ्याने, अशीही पद्धत होती. कौलाच्या छपराची किंमत अशी दरवर्षी श्रमात चुकती होत होती, म्हणून ते स्वस्त वाटत होते.

मग माणसे गेली. रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईला जाणे गिरण्यांच्या काळापासूनचे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, पण माणसे गावी परतली नाहीत, विरार-डोंबिवली-दिव्याला सरकली. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २००१ पेक्षा कमी भरली: १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर. हजार पुरुषांमागे ११२२ बायका. हे आकडे स्थलांतराचे म्हणून नेहमी सांगितले जातात. मला ते छपरांचे आकडे वाटतात. या घरात गेली वीस वर्षे काका आणि काकी, दोघेच. काका आता सत्तरी ओलांडलेले. पुतणे विरारला, डोंबिवलीला आणि पुण्याला, आत्या चिपळूणला. उताऱ्यावर अकरा नावे.

त्यात माकडांची भर. पूर्वी गुराखी, कुत्री, खळ्यात दिवसभर वावरणारी माणसे असत. आता रिकाम्या वाडीत वानरांची टोळी या छपरावरून त्या छपरावर उड्या मारत जाते आणि एका फेरीत दहा-वीस कौले फोडते. कोकणात कौले उतरवून पत्रे घालण्यामागचे सगळ्यात जास्त वेळा ऐकलेले कारण हेच, आणि ते अगदी खरे आहे.

आणखी एक गोष्ट, जी मोजता येत नाही पण छप्पर उघडले की दिसते. चुलीचा धूर कौलांच्या फटींतून बाहेर जायचा, आणि जाता जाता वासे काळे करायचा. धुरकटलेल्या लाकडाला वाळवी नि भुंगा सहसा लागत नाही. स्वयंपाकघरावरचे या घरातले जुने वासे टणक होते. ओटीवरचे, जिथे धूर कधी गेलाच नाही, त्यांची टोके हाताने कुस्करली जात होती. गॅस आल्यापासून सगळे घरच ओटीसारखे झाले. काकींनी धुरात डोळे घालवावेत असे कुणी म्हणणार नाही. पण चूल हा छपराच्या देखभालीचा भाग होता, आणि चूल गेल्यावर तिचे ते काम कुणाकडेच आले नाही.

वादळाने काय नेले

२०२० चा मे विचित्र होता. टाळेबंदीमुळे मुंबईचे चाकरमानी मिळेल त्या वाहनाने गावी आले होते; शाळेत विलगीकरणाचे दिवस काढून दोन पुतणे आपापल्या मुलाबाळांसह घरात राहत होते. कित्येक वर्षांनी शाकारणीच्या दिवसांत घर भरलेले. पण कौल कसे परततात हे त्यांतल्या एकालाही येत नव्हते, आणि काकांना कुणी वर चढू देईना. तसेच राहिले. मग वादळ आले.

वादळानंतर घराची अवस्था अशी: चौपाखी छपराचा लाकडी सांगाडा जागेवर, मात्र पश्चिम आणि दक्षिण पाखीवरची निम्म्याहून जास्त कौले उडालेली. मागची पडवी साफ गेलेली. स्वयंपाकघराला नव्वदच्या दशकात जोडलेल्या खोलीवर सिमेंटचे पत्रे होते. त्यावर माड पडून खोलीचा चुरा. आणि परसातली सुटी न्हाणी, जिच्यावर छोटी स्लॅब होती, ती जशीच्या तशी.

त्या न्हाणीने पुढच्या सगळ्या चर्चेचा सूर ठरवला. अख्ख्या आवारात धड उरले ते स्लॅबखालचे चार चौरस मीटर, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. वादळात घरातली माणसे तिथेच उभी होती. त्यावर तांत्रिक युक्तिवाद करणे सोपे नव्हते. तरी मी केला.

वारा छप्पर वरून दाबतो असे वाटते. प्रत्यक्षात तो छपरावरून जाताना ते वर ओढतो, आणि ही ओढ कडेला, कोपऱ्यांना, आढ्याजवळ सगळ्यात जास्त असते. कमी उताराच्या छपराला ओढ जास्त, ३० अंशांच्या आसपास उतार असेल तर कमी. दुपाखीपेक्षा चौपाखी छप्पर वाऱ्यात बरे, कारण वाऱ्यासमोर सरळ उभी त्रिकोणी भिंत येत नाही. म्हणजे जुन्या छपराचा आकार चुकीचा नव्हताच. कौले उडाली, कारण ती नुसती ठेवलेली असतात. पण ती सुटी सुटी उडाली म्हणून सांगाडा वाचला. फटींतून आतला दाब बाहेर पडला. तीच ओढ एकसंध पत्र्यावर आली असती आणि पत्रा वाशांना नीट जखडलेला नसता, तर वासे घेऊन गेला असता. गावात तसे झालेही होते: एका घराचे पत्रे लोखंडी पाइपांसकट शेजारच्या आगरात.

पडवी जाण्यातही काही वाईट नव्हते. ती मुख्य छपरापेक्षा खालच्या पातळीवर, वेगळ्या खांबांवर होती. वारा खालून शिरला, ती गेली आणि मधले घर मोकळे सुटले. हे जुन्या सुतारांनी ठरवून केले होते असे मी म्हणणार नाही. पण वेगळी पडवी असलेली घरे त्या दिवशी बरी राहिली, हे गावभर दिसत होते.

आता वजन. चौरस मीटरला मंगलोरी कौलांचे ओझे साधारण ४० किलो. पत्र्याचे ५. पाच इंची स्लॅबचे ३०० किलोच्या वर. मातीत बांधलेल्या, पाया न तपासलेल्या, दोन पावसाळ्यांत भिजलेल्या भिंतींवर मी ३०० किलो चढवणार नव्हतो. कोयना इथून फार लांब नाही आणि १९६७ चा भूकंप काकांना चांगला आठवतो. स्लॅब हवी तर काँक्रीटचे खांब हवेत, खांब हवेत तर नवा पाया, आणि नवा पाया म्हणजे हे घर पाडायचे.

पाडायचे म्हटले की कागद सुरू होतात. घर भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत. विकासबंदीच्या पट्ट्यातल्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, पण जुने जोते आणि चटईक्षेत्र यांच्या मर्यादेतच. शिवाय अकरा नावांची संमती. त्यांतली दोन माणसे वारलेली आणि वारस नोंदलेले नाहीत. दुरुस्तीला यातले फारसे काही लागत नाही. कोकणातली कितीतरी जुनी घरे प्रेमापोटी टिकली असे आपण समजतो. माझा अनुभव असा की त्यांतली बरीचशी सामाईक सातबाऱ्यामुळे टिकली आहेत. पडलीही त्यामुळेच.

बैठक पहिली आणि दुसरी

२०२० च्या गणपतीत, ऑगस्टमध्ये, जे येऊ शकले ते जमले. छपरावर तेव्हा मिळतील तसे पत्रे आणि ताडपत्री होती. आगर गेलेले, नवीन पोफळ नि माड धरायला सहा-सात वर्षे तरी लागणार, म्हणजे घरावर घालायचा पैसा आगरातून येणार नाही, पगारांतूनच येणार. ज्याचा पगार त्याचे मत जड.

डोंबिवलीचा पुतण्या उघडपणे बोलला. “काका, तुम्ही वर चढायचं नाही, आम्हाला मेमध्ये रजा मिळत नाही. मग कौलं परतणार कोण?” काका म्हणाले, “तुम्ही आठ दिवस येता. उरलेलं वर्ष त्या पत्र्याखाली आम्ही भाजणार.” दोघेही बरोबर होते. पत्रा दुपारी तापतो, पावसात त्याखाली बोललेले ऐकू येत नाही, आणि खाऱ्या हवेत त्याचे खिळे-बोल्ट आधी जातात. स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते आणि इथल्या पावसात काही वर्षांत गळायला लागतेच. मग त्या स्लॅबवर पुन्हा उतरत्या पत्र्याची शेड येते. मंडणगडपासून सावंतवाडीपर्यंत स्लॅबवर पत्रा ठेवलेली घरे मोजायला बसलात तर दिवस पुरणार नाही. म्हणजे सपाट छप्पर बांधायचे, त्याचे पैसे मोजायचे, आणि शेवटी पावसासाठी त्यावर उतरते छप्पर घालायचे. भूगोल आपली वसुली करतोच, थोडी उशिरा.

पण हे सांगून कुणाचे मन वळत नाही, कारण स्लॅब फक्त पाणी अडवायला घालत नाहीत. खाडीच्या तोंडावरच्या कोळीवाड्यात घरे एकमेकांना खेटून, आगर नाही, परस नाही; तिथे सपाट गच्ची म्हणजे मासळी सुकवायची, जाळी पसरायची जागा. तिथे स्लॅब लवकर आली आणि ती शहाणपणाची होती. पलीकडच्या मोहल्ल्यात पुरुष जहाजावर आणि आखातात. तिथे मजली स्लॅबचे घर म्हणजे परदेशी गेलेल्या माणसाने घरच्यांना दिलेला हिशेब. डोंगराकडच्या कुणबी वाडीत गुरे आणि भाताचा पेंढा यांना जागा लागते, म्हणून तिथे पडव्या जास्त आणि खोल्या कमी. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो. एका गावात, हाकेच्या अंतरावर, त्याला दिलेली उत्तरे मात्र वेगवेगळी आहेत.

त्या बैठकीत काहीच ठरले नाही. ठरवले ते १६ मे २०२१ ला किनाऱ्याजवळून गेलेल्या तौक्ते वादळाने. तात्पुरते घातलेले पत्रे निम्मे गेले, उरलेली जुनी कौले मात्र फारशी हलली नाहीत. सगळ्या घरावर पत्रा घालायची भाषा त्यानंतर मावळली. मी याला पुरावा म्हणणार नाही. तौक्तेचा वारा निसर्गइतका थेट अंगावर आला नव्हता आणि ते पत्रे घाईत ठोकलेले होते. पण घरे पुराव्यावर बांधली जात नाहीत.

२०२१ च्या गणपतीतली बैठक खरी झाली. तिथे दोन मुद्दे आले, आणि दोन्ही माझ्या नकाशात नव्हते.

पहिला काकींचा. एवढा वेळ त्या आतबाहेर करत होत्या. म्हणाल्या, “वर काय घालायचं ते घाला. मला न्हाणी आणि संडास घरात हवा. पावसात रात्री मागीलदारी जाववत नाही.” एवढेच. सोवळे-ओवळे, सुवेर (बाळंतपणाचा विटाळ), ओल्या न्हाणीची वाळवीला मिळणारी मेजवानी, या सगळ्यांमुळे जुन्या घरात ही जागा बाहेर ठेवली गेली. ती रचना ज्यांच्या सोयीची होती त्यांत म्हाताऱ्या बायका नव्हत्या. जुन्या घरांचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा आषाढात रात्री दोन वाजता कंदील घेऊन मागीलदारी जाऊन यावे, असे मला नेहमी वाटते.

दुसरा मुद्दा विरारच्या पुतण्याने काढला, आणि तो तर स्लॅबवाल्या गटातला. मी स्लॅबसाठी एक तडजोड सुचवली होती: जुने घर तसेच ठेवून पुढे खळ्यात दोन खोल्यांचा स्लॅबचा भाग काढायचा. परवानगीचा त्रास होता, पण प्रयत्न करता आला असता. तो म्हणाला, “पुढे काढलंत तर पालखी कुठे नाचणार?” शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. खळ्यात ती खांद्यावर नाचवतात, मग जोत्यावर टेकते, ओट्या भरतात. त्यासाठी बेड्यापासून जोत्यापर्यंत मोकळी जागा लागते. वर्षातला एखादा तास. त्या एका तासासाठी जमलेले सगळेच्या सगळे एका मिनिटात एकमताने उभे राहिले. चटईक्षेत्राच्या नियमाने जे झाले नसते ते पालखीने केले: खळे वाचले.

त्या क्षणी मला घराची विभागणी कळली. पुढची बाजू, म्हणजे खळे, ओटी, माजघर, ही गणपती-शिमग्याला येणाऱ्यांची. त्यांना ती लहानपणी होती तशीच हवी. मागची बाजू वर्षभर राहणाऱ्या दोघांची. त्यांना ती बदलून हवी. आम्ही वर्षभर पूर्ण घरासाठी एकच छप्पर शोधत होतो.

काय केले

काम नोव्हेंबर २०२१ ला सुरू झाले. पुढचे मूळ चौपाखी घर कौलाचेच ठेवले. भिंतींच्या माथ्यावर चारी बाजूंनी काँक्रीटचा पट्टा ओतला आणि वासे त्याला लोखंडी पट्ट्यांनी जखडले. कुजलेली टोके कापून जोड दिले, ओटीवरचे वासे बहुतेक नवीन. वळचणीच्या आणि आढ्याजवळच्या रांगांतली कौले तारेने बांधली, कारण ओढ तिथेच. पश्चिमेच्या पाखीवर कौलांखाली पातळ पत्रा घातला: माकडांनी कौल फोडले तरी पाणी घरात येत नाही आणि वरचे कौल पत्र्याला तापू देत नाही. या युक्तीत उंदरांची सोय होते, आणि खारी हवा पत्र्याला आतून खाते. पंधरा-वीस वर्षांत तो बदलावा लागेल. मला ते चालण्यासारखे वाटले.

मागे, जुन्या जोत्याच्या हद्दीत, पडलेल्या खोलीच्या जागी स्वयंपाकघर आणि आत न्हाणी-संडास, स्वतंत्र खांबांवर, स्लॅबखाली. पुन्हा वादळ आले तर घरातल्या माणसांनी उभे राहायला ही जागा. वाळू खाडीतली नको यावर मी अडून बसलो. खाऱ्या वाळूत मिठाने सळया गंजतात आणि फुगून काँक्रीट फोडतात, या पट्ट्यातल्या कित्येक स्लॅबा पावसाने कमी आणि यानेच जास्त गेल्या आहेत. स्लॅब उतरती घेऊ म्हटले, ते कुणाला पटले नाही. टाकी ठेवायची होती. दोन पावसाळ्यांनी तिच्यावर पत्रा येईल हे मी लिहून दिले होते. पहिल्याच पावसाळ्यानंतर आला.

पडवी पुन्हा वेगळीच, पत्र्याची. गेली तर एकटी जावी. पश्चिमेला ती जुन्याइतकीच रुंद ठेवली, पण तिथे रचायला सरपण आता फार नसते. झडीसाठी निळी ताडपत्री लागते. मार्च २०२२ च्या शिमग्यात काम चालू असतानाच पालखी आली. खडी आणि चिरे दोन दिवस आधी रस्त्याच्या कडेला हलवले होते.

राहिला प्रश्न शाकारणीचा, जो डोंबिवलीच्या पुतण्याने पहिल्या दिवशी विचारला होता. पुढच्या छपराला ती लागणारच, पूर्वीपेक्षा कमी असली तरी. ठरले असे की प्रत्येक हिस्सेदाराने दरवर्षी एप्रिलपर्यंत वर्गणी काकांच्या खात्यात टाकायची आणि गड्यांकडून काम करून घ्यायचे. कौलावर चालता येणारे गडी वाडीत मोजकेच उरले आहेत आणि मेमध्ये ते सगळ्यांनाच हवे असतात, त्यामुळे मजुरी त्यांनी सांगितली तीच. उतरवलेल्या कौलांतली धड कौले काकांनी माळ्यावर रचून ठेवली, कारण एका कारखान्याचे कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही. पुण्याच्या पुतण्याने गेल्या वर्षी कौलासारखा दिसणाऱ्या पत्र्याचे दरपत्रक सगळ्यांना पाठवले. काकांनी त्यावर काही उत्तर दिलेले नाही, आणि दोघांची वर्गणी यायची आहे.